मोठेबाबाची हळद अन् माया वाटरपंप

तुमी लिहून घ्याले आले तं तुमाले वाटत असन, पोट्टा आता सांगन का आमी कसे उपाशी झोपलो, कंदिलाखाली कसा अभ्यास केला, माय कसी रडली. तं भाऊ, पेन जरा बाजूले ठेवा. आमच्या घरी लाईट होती, पोटभर भात होता, अन् रडाचं म्हणान तं मी एकडावच रडलो, थेबी रागानं, गाडीच्या रेडिएटरसमोर, नवा शर्ट घालून.

मी सानगडीचा. जन्म तेथलाच, शाळा तेथलीच, मंग साकोलीले आयटीआय, मोटर मेकॅनिक. शाळेत मास्तरच्या नकला करून मार खाल्ला, आता मोठेबाबाच्या करतो. मोठेबाबा म्हणजे माया बापाचे मोठे भाऊ. पयले खाकरतात, मंग मिशी पुसतात, मंग असा लांब सूर काढतात, का गाऽ पप्पू, तुया आयटीआयले का समजते. जवानीत कोनाचा तं ट्रॅक्टर चालवला होता, तवापासून जगातलं सारं इंजिन त्याइच्या मालकीचं.

तं झालं असं का ताईचं साक्षगंध ठरलं. पोरगा चिखल्याचा, मॅंगनीजच्या खाणीत कामाले. एकडाव तारीख आमच्याकडूनच पुढं ढकलली होती, तं पोराचा बाप फोनवर बोलला, या टाईमले उशीर झाला तं आमी समजू तुमचं मन नाही. बाबूजी, म्हणजे माया बाप, म्हणे गाडी किरायानं घेऊ. मी म्हणलो कायले, आपली व्हॅन हाये ना. जुनी हाये पण हाये. साऱ्या घरासमोर म्हणलो, काय सांगू तुमाले, छाती ठोकून म्हणलो.

अन् आदल्या दिवशीच व्हॅनखाली पाणी. थेंब थेंब, अन् इंजिनातून किर्र किर्र आवाज. वाटरपंप गेला होता. इंजिनात पाणी फिरवते ना, थो. लग्नसराईत किरायाची गाडी भेटते का कोठं? मिस्त्री सोता वरातीत नाचाले गेला होता. मी मोटरसायकलनं साकोलीले गेलो, पंप आणला अन् अंगणातच व्हॅनची सीट उचलून बसलो, इंजिन सीटखालीच असते. पाणी घमेल्यात काढलं, पट्टा ढिला केला, बोल्ट खोलले, एक बोल्ट तं असा जाम का बोटाचं सालटं निघालं. पंप अन् इंजिनाच्या मधातलं जुनं गॅस्केट ब्लेडनं खरडून खरडून काढलं, नवं बसवलं, पेस्ट लावली, सुकू देली.

अन् डोक्यावर मोठेबाबा. खाटेवर बसून. हरद टाक गा, म्हणे, भाजीतली हळद. आमी ट्रॅक्टरात हरद टाको, गळणं बंद. मी म्हणलो मोठेबाबा, थे रेडिएटरचं बारीक छेद बुजवाले टाकतात, येथं पंपच गेला. थे म्हणे, हरद सारंच बुजवते. बांधीची फूट कसी चिखलानं बुजते, तसी. मी म्हणलो हे धानाची बांधी नोहोय, इंजिन होय. घंटाभर हेच. हरद टाक, नाही टाकत, हरद टाक, नाही टाकत. सांजच्याले पाणी भरलं, इंजिन चालू करून पाह्यलं, एक थेंब गळला नाही. मी हाताचं ग्रीस धुवाले न्हाणीत गेलो. तेवढंच गेलो, भाऊ.

सकाळी सारे बसले. मोठेबाबा पुढं, नवा दुपट्टा टाकून, कारण बैठकीत आमच्या घरचा सबद त्याइनंच द्याचा असते, थे बोलल्याबगर पोरीच्या कपाळाले कुंकूच लागत नाही. साकोली गेली, अन् लाखनीच्या अगोदर इंजिनाच्या गरमीचा काटा वर. गाडी एका ढाब्यापाशी उभी केली. मांगून बाबूजी सुरू, म्हणलो होतो किरायानं घेऊ, याले घरी करून पाहाची हौस. काकू म्हणे पंप उलटा तं नाही बसवला? मी वाकून पाह्यलं, पंप कोरडा ठाक. गाडी थंड होऊ देली, फडकं धरून रेडिएटरचं झाकण खोललं, तं आतमधी वरण. पिवळंजर्द, घट्ट वरण.

मी मोठेबाबाकडं पाह्यलं. थे खाकरले, मिशी पुसली. मीच टाकली, म्हणे, सारं पाकीट. तुया पंपाले आधार.

माया डोक्यात असी आग गेली का का सांगू. वाटलं तोंडावर बोलाव, का तुमाले इंजिनाचं ढेकळं समजत नाही. तोंड उघडलंबी, तं थे दाराले हात लावून म्हणतात, मी जड झालो असन तं सांग, मी येथूनच बस धरतो सानगडीची. अन् थे गेले तं साक्षगंध गेलं. ताई खिडकीतून हळूच म्हणे,

— पप्पू, आज नोको.

बस. मी तोंड फिरवलं अन् डोये पुसले. ढाब्यावाल्याकडून पाईप घेतला, इंजिन चालू ठेवून पाणी टाकत राह्यलो, खालून काढत राह्यलो, पिवळं, फिक्कं पिवळं, मंग साफ. नव्या शर्टाचा भात-वरण झाला. चिखल्याले पोहोचलो तवा पोराचा बाप फाटकात हात बांधून उभा, म्हणे आमी तं समजलो तुमी फिरले. मोठेबाबा उतरले अन् असे गोड बोलले, असे गोड बोलले का थो माणूस हसला. ताईले कुंकू लागलं. थे काम त्याइनं केलं, हे मी नाही म्हणत नाही. पण माया पंप?

परवा लग्नाची तारीख काढाले व्याही आमच्या घरी आले. चहा सुरू होता. व्याही म्हणे त्या दिवशी उशीर कायनं झाला होता? मी सांगाले तोंड उघडलं तं मोठेबाबानं साऱ्यासमोर मलेच झाडलं. म्हणे, लाज वाटाले पाह्यजे तुले. घरची चांगली हरद, मी गाडीत टाकली म्हणून तं लाखनीपावतर आलो, अन् या येड्यानं रस्त्यात उभी करून सारी काढून फेकली. नसती फेकली तं टाईमावर पोहोचलो असतो. आता मुंडी खाली घालून काहून बसला? जा, व्याह्याले पाणी आण.