ड्रमकोरीच्या पोस्टातला रिकामा शुक्रवार

नाव : अट्रॅक्टा फीरिक. वय : ६१ वर्षे. धंदा : पोस्टमास्तरीण. राहणार : पोस्टाच्या वरचा मजला, मेन स्ट्रीट, ड्रमकोरी, जिल्हा मेयो. दिनांक ११ ऑगस्ट, सकाळी १०.३०.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. ड्रमकोरीचे पोस्ट मी बत्तीस वर्षे चालवते. त्याआधी माझी मावशी चालवायची. औषधदुकानदार आणि गावाच्या सुशोभन समितीचे अध्यक्ष मॅलकी टारपी यांनी माझ्याविरुद्ध फुलांच्या टोपल्यांबद्दल तक्रार दिली, म्हणून आज मला ठाण्यात बोलावले आहे. शहाण्याने तुमची पायरी चढू नये म्हणतात. पण टारपींनी सांगितले ते अर्धेच आहे, म्हणून उरलेले अर्धे मी सांगते.

आमचे गाव दर उन्हाळ्यात देशातल्या स्वच्छ गावांच्या स्पर्धेत उतरते. परीक्षक न सांगता येतो आणि तो कोण हे कुणाला ठाऊक नसते. त्यामुळे वही हातात धरलेला कुठलाही परका माणूस दिसला की अख्खे गाव पोट आत ओढून उभे राहते. गेल्या वर्षी शेजारच्या गावाने आम्हाला तीन गुणांनी मागे टाकले. तेव्हापासून टारपींचे डोके ठिकाणावर नाही. मीही समितीत आहे. मेन स्ट्रीटवर दारांवर तारेने टांगलेल्या फुलांच्या टोपल्यांना पाणी घालायचे काम माझ्याकडे आहे.

दिनांक २० जून, शुक्रवार रोजी सकाळी ८.४० वाजता टारपी धापा टाकत पोस्टात आले. ते म्हणाले, "अट्रॅक्टा, आला गं आला! काल रात्री लॉजवर उतरलाय. टोपी, वही, आणि म्हणे फुलांकडे टक लावून बघत होता."

मी म्हटले, "मग मी काय करू? नाचू?"

"आज पेन्शनचा दिवस. तुझी ती म्हातारी फौज खिडकीच्या कट्ट्यावर बसणार, सायकली भिंतीला टेकवणार. आणि तो पॅकी रुएन शेणाने माखलेला ट्रॅक्टर दारात आडवा घालणार. गेल्या वर्षी त्या ट्रॅक्टरनेच आपलं नाक कापलं!"

"म्हणून काय त्यांनी पेन्शन न्यायची नाही?"

"न्यायची की. फक्त तीननंतर. तोवर सगळ्यांना चर्चच्या सभागृहात बसवतो. चहा, हॅम सँडविच, पत्त्यांचा डाव. एक दिवसाचा तर प्रश्न आहे, बाई."

मी हो म्हटले. सकाळी ९.१५ वाजता हा जबाब लिहून घेणारे सार्जंट लॉखनन यांनी स्वतः रस्त्यात उभे राहून पॅकीचा ट्रॅक्टर चर्चच्या मागे न्यायला लावला. हे लिहिलेच पाहिजे का, असे सार्जंट विचारतात. होय, लिहिलेच पाहिजे.

९.५० वाजता तो माणूस पोस्टात आला. वय पन्नाशीचे, टोपी, बोलायला सभ्य. खिडकीजवळच्या खुर्चीत थोडा वेळ बसू का म्हणून त्याने विचारले. मी म्हटले, बसा की. दुपारी दोनपर्यंत तो तिथेच होता. मी त्याला दोनदा चहा दिला. टारपी गेल्याबरोबर भाजलेले स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, दिले, रुबार्बचा मुरंबा दिला. तेवढ्या वेळात चौघे जण आत आले. एकीला तिकिटे हवी होती, एकाला पार्सल पाठवायचे होते आणि दोन जर्मन पाहुण्यांना रस्ता विचारायचा होता. तो दर वेळी वहीत काहीतरी लिहायचा. त्याने मला काही प्रश्न विचारले. टारपींनी सकाळी जसे बोलायला सांगितले होते तसे मी बोलले. स्कोन उत्तम होते म्हणून आभार मानून तो आपल्या गाडीने गेला.

तीन वाजता सभागृहातून बेचाळीस माणसे एकदम आली. रांग दारातून बाहेर, पार औषधांच्या दुकानापर्यंत गेली. पॅकी रुएन पत्त्यांत हॅमचा मोठा तुकडा जिंकून आला होता आणि तो सगळ्यांना दाखवत होता. टारपींनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. सगळे फार खुशीत होते. मीसुद्धा होते.

दिनांक ८ ऑगस्ट, शुक्रवार रोजी सकाळच्या टपालात मुख्य कचेरीचे पत्र आले. गावचे टपाल मीच निवडते. रांगेत तेव्हा वीसेक माणसे होती. मला वाटले, पावसात गळणाऱ्या छताचे असेल, तीन वर्षे लिहीत होते, म्हणून तिथेच फोडले. काय आहे गं, असे सगळ्यांनी विचारल्यावर मोठ्याने वाचले. पत्रात लिहिले होते की, पाहणी अधिकाऱ्याने २० जूनला, म्हणजे ऐन पेन्शनच्या दिवशी, चार तास बसून पाहिले. चार तासांत चार माणसे आली. त्यातल्या दोघांना पोस्टाचे काहीच काम नव्हते. सबब, ड्रमकोरीचे पोस्ट ऑक्टोबरअखेर बंद होईल आणि इथला कारभार पस्तीस किलोमीटरवरच्या पोस्टात जाईल. तिकडे बस मंगळवारी आणि गुरुवारीच जाते. पत्रात आणखी एक ओळ होती, ती मी वाचली नाही.

 पॅकी रुएन पुढेच उभा होता. तो त्र्याऐंशीचा आहे, बायको नऊ वर्षांपूर्वी गेली, घर गावाबाहेर दलदलीकडे एका टोकाला. तो म्हणाला, "पोरी, मग मी शुक्रवारी जाऊ कुठं?"

मी म्हटले, "तुला जायला नको पॅकी. बँकेत जमा होतील, घरबसल्या."

"पैशाचं कोण बोलतंय?" असे म्हणून तो खुर्चीत बसला. मी त्याला पाणी दिले.

तेवढ्यात टारपी दारात आले. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते, हे मी मान्य करते. ते म्हणाले, "अट्रॅक्टा, तुझ्या दारातल्या टोपलीला पाणी नाही. पार माना टाकल्यात जिरेनियमनी."

मी मागच्या खोलीतून शिडी आणि पक्कड घेतली. ११.२० ते १२.०५ या वेळेत मेन स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंच्या चौदाही टोपल्यांच्या तारा कापल्या. सुरुवात माझ्या दारापासून केली. शिडी खाली कुणी धरली होती, ते मी सांगणार नाही. पॅकीने धरली नव्हती, एवढे लिहा. बारा टोपल्या नीट खाली ठेवल्या. दोन हातून निसटल्या, त्यातली एक टारपींच्या गाडीवर पडली. ती निसटली असे मी म्हणते. त्यांचे म्हणणे त्यांच्यापाशी.

टारपी खालून ओरडत होते, "अगं बाई, वेड लागलं का तुला? खरा परीक्षक अजून यायचाय!"

मी वरून म्हटले, "येऊ दे की! बघू दे गाव किती स्वच्छ झालंय. आता तर पोस्टसुद्धा नाही!"

"मी एकट्याने केलं का हे? स्कोन कुणी भाजले? अं? मी भाजले?"

मी पुढची तार कापली. तारा कापल्या हे मला मान्य आहे. पश्चात्ताप आहे का, असे सार्जंट विचारतात. टोपल्यांचा नाही.

वरचा सगळा मजकूर सार्जंट लॉखनन यांनी मोठ्याने वाचला आणि मी तो शेवटपर्यंत ऐकला. त्यात एक जागा खोटी आहे, ती खोडावी. टारपींनी सांगितले तसे मी बोलले, असे मी वर म्हटले. टारपींनी मला काहीही बोलायला सांगितले नव्हते. त्या माणसाने विचारले, "इथे नेहमी इतकीच शांतता असते का?" मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हटले, "नेहमी, साहेब. शुक्रवारी तर फारच." पत्रातली मी न वाचलेली ओळ तीच होती, माझ्या नावासकट.

बाकीचे सगळे मी सांगितले तसेच लिहिले आहे. खोडलेल्या ओळीपाशी एक आणि खाली एक, अशा दोन सह्या केल्या आहेत.

अट्रॅक्टा फीरिक
पोस्टमास्तरीण, ड्रमकोरी