बटाट्याचा डोंगर

नाही, पण हा पिवळा रंग फासलाय कोणी? तुम्हीच? बरं, मग मला सांगा, आठच्या आठ धड्यांवर पिवळा फासल्यावर महत्त्वाचं काय उरलं — समास? बसा त्या खुर्चीत, फक्त टेकू नका, पाठ डुगडुगते तिची. आमच्या हिचं ऑफिस पाचला सुटतं, घरी यायला साडेपाच. घराच्या नकाशाचं काम असेल ना तुमचं तिच्याकडे? सगळे त्याचसाठी येतात. तोवर हा कागद बघू द्या जरा — ओढू नका, फाटेल. एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय मी, असला कागद समोर दिसला की हात शिवशिवतात. ‘हमखास येणारे प्रश्न.’ हमखास म्हणे. पेपर काढणारा ह्या क्लासवाल्यांच्या ओट्यावर येऊन कानात सांगून गेला असेल. आणि परीक्षा कुणाची, मुलाची? तुमची? ह्या वयात? नाही, वय काढत नाही मी, विचारतोय. बसवर कंडक्टर आहात, हे दिसतंच आहे, खांद्याला पट्ट्याचा वळ आहे. शालान्त परीक्षा पास झालात तर कंट्रोलरच्या खिडकीत बसवतील — हां, म्हणजे उभं राहायचं संपेल. चांगलं आहे. आणि दिवस किती उरलेत? नऊ. नऊ दिवस, आठ धडे, आणि दोन पाळ्यांची ड्युटी. वा.

हे बघा, खोडतोय मी. सागरी प्रवाह — खोडा. उष्ण कुठला, थंड कुठला, कोण कुठून कुठे वाहतो, नऊ दिवसांत तुमच्या डोक्यात त्या सगळ्यांचं सरबत होईल. वाऱ्यांचे प्रकार — खोडा. लोकसंख्या ठेवा, कारण लोकसंख्येवर माणसाला काही येत नसलं तरी तो पानभर लिहितो आणि तपासणाऱ्याला दया येते. वाहतूक ठेवा, त्यात तरी तुम्ही काही लिहू शकाल, आयुष्य बसमध्ये गेलंय. नदीची कामं ठेवा, आकृती काढा, आकृतीला मार्क असतात आणि आकृतीत शुद्धलेखन दिसत नाही. मृदा अर्धीच करा, प्रकार करा, धूप सोडा — नाही, धूप करा, प्रकार सोडा. आणि सगळ्यात आधी, आज घरी गेल्या गेल्या, नकाशावाचन. ह्या क्लासवाल्या महाशयांनी ते शेवटी टाकलंय, तेही ‘वेळ उरल्यास’. वेळ उरल्यास. ह्याला स्वतःला येत नाही म्हणून ते शेवटी, दुसरं काय. वीस मार्क नकाशाचे, बाई. समोर छापून दिलेला असतो, बघून उत्तर द्यायचं. पाठ काही करायचं नाही. दिशा, प्रमाण, खुणा आणि समोच्च रेषा. काय, समोच्च रेषांनीच तोंड वाकडं झालं ना? सगळ्यांचं होतं. ती वेटोळी बघितली की पोरांना वाटतं दुधावरची साय सुरकुतलीय. त्यावर माझ्याकडे उपाय आहे, सांगतो.

ती फ्रेम दिसते का, घड्याळाखाली? गुणवंत शिक्षक. ती ह्या उपायासाठी मिळालीय, फुकट नाही. एक बटाटा घ्यायचा. मोठा, जरा वाकडातिकडा, एका बाजूला फुगलेला. मधून कापायचा आणि अर्धा पालथा ठेवायचा, की झाला डोंगर. मग पट्टी उभी धरून बोटभर बोटभर अंतरावर खुणा, आडव्या चकत्या, आणि एकेक चकती कागदावर ठेवून पेन्सिलने तिच्या कडेनं — काय झालं? हसलात का? काय माहीत आहे? रेषा जवळ जवळ आल्या की चढ उभा, लांब लांब असल्या की सपाटी — हो, बरोबर, पण तुम्हाला हे बटाट्यानं कोणी शिकवलं? क्लासवाल्याला तर येत नाही.

मॅडमनी. कुठल्या मॅडमनी?

अच्छा. आमच्या हिनं. डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत, दर रविवारी. म्हणजे घराच्या नकाशाचं काम नाहीच तुमचं. हा कागद तुम्ही तिला दाखवायला आणला होतात, मी मधेच हिसकावला — तसं सांगायचं होतंत, मघापासून ‘सर, पण, सर, पण’ चाललं होतं. मला ती सांगते बहिणीकडे जाते. दोन वर्षं बहिणीकडे जातेय, दर रविवारी, डबा घेऊन. मी म्हणायचो, एवढं काय असतं गं बहिणीकडे. ठीक आहे. शिकवू दे. शिकवतेय म्हणजे काय, खडू हातात धरला की झाला शिक्षक. तुम्हाला माहीत आहे ती स्वतः शालान्त पास कधी झाली? एकोणचाळिसाव्या वर्षी. आमचा मुलगा कॉलेजात होता तेव्हा. मला म्हणाली, मलाही बसायचंय. म्हटलं, बस, पस्तीस मार्कांपुरतं मी सांगतो तेवढं कर. चार धडे काढून दिले तिला, चार. अगदी ठरवून. नकाशा सोड म्हणालो. वीस मार्क असले म्हणून काय, तुला घरातून बाजारात जाताना उत्तर कुठे ते सांगता येत नाही, तू त्या भानगडीत पडू नकोस. स्टाफरूममध्येही सांगून ठेवलं होतं, बायकोला चार धड्यांवर पास करून दाखवतो. पैज नव्हती, गंमत होती. तर ही भाजी निवडता निवडता विचारते, अहो, ह्या रेषा इथे एवढ्या दाटल्यात त्या का? मी पेपर वाचत होतो. म्हटलं, ते महत्त्वाचं नाही.

आणि आता तुम्हा सगळ्यांना काय सांगते, बटाटा तिचा? सांगतच असेल. रविवारी वीस-बावीस बायका समोर बसल्यावर कोण सोडतंय. पण जरा दुसरी बाजूही ऐका. असेल, बटाटा होता तिचा, नाही म्हणत नाही मी. ओट्यावर चकत्या मांडून बसली होती, कागदभर वेटोळी, मी म्हटलं भाजीचा सत्यानाश का करतेस. पण म्हणून काय झालं? वर्गात आणला कोणी? पन्नास पोरांसमोर तो चिरून दाखवला कोणी? तपासणीला साहेब आले होते, ते म्हणाले, हे तुम्हाला सुचलं कसं — आता तिथे उभ्या उभ्या काय सांगणार, घरी बायको परीक्षेला बसली होती आणि मी तिला हाच धडा सोडायला सांगितला होता, असं? बाकावर पोरं बसलेली. म्हटलं, सुचलं. एका शब्दाचं काम. पुढे ते वाढत गेलं, त्याला मी काय करू. मासिकात आलं, सभागृहात बोलावलं, शाल दिली. भाषणात काहीतरी बोलावं लागतं. मी म्हणालो, एकदा पत्नीला मदत म्हणून बटाटे सोलत होतो, तेव्हा ही कल्पना आली. टाळ्या पडल्या. मी आयुष्यात बटाटा सोललेला नाही. ती तिसऱ्या रांगेत बसली होती, तिनंही वाजवल्या. तोवर ती पासही झाली होती, त्रेसष्ट मार्क भूगोलात, नकाशात वीसपैकी वीस, आणि माझ्या चार धड्यांतला त्या वर्षी एकच आला. तेवढ्यावर नकाशे काढायच्या खात्यात लागली. घरी येताना रिक्षात मी म्हटलं, काही बोलत नाहीस. तर म्हणाली, सोलत नाहीत. सालासकट कापायचा, म्हणजे कड नीट उमटते. बस, एवढंच. त्यावर भांडण नाही, रडणं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात सालासकट कापायला लागलो. कड खरंच नीट उमटते.

तेव्हा तिनं तुम्हाला काय सांगितलं असेल ते असो, मी म्हणतो, एवढ्याशा बटाट्यावरून माणसानं अकरा वर्षं मनात धरून ठेवायचं आणि मग परक्या बायकांपुढे नवऱ्याचं —

काय? नाही म्हणजे? मग कुणाचा म्हणून सांगते?

‘आमच्या सरांनी शोधलेली युक्ती.’ असं म्हणते? दर वेळी? नव्या बायका आल्या की त्यांनाही? हसत म्हणते का? तिरकं वगैरे? अगदी साधं.

आणि तुम्ही आत्ता मला हसलात ते — सरच दाखवायला लागले म्हणून. बरं.

जिन्यात पावलं वाजतायत, तीच असेल. तो कागद उचला. मी खोडलेलं तिला विचारून घ्या, ती म्हणेल ते करा, तिची यादी वेगळी असेल. दार तुम्ही उघडा. मी आतल्या खोलीत आहे. आणि ऐका, मी काय काय बोललो ते — नको. जा, उघडा.