लिहिणारी मुलगी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. आत त्यांच्या आईची पट्टी काढत होते.

“तुझी कादंबरी वाचली मी.”

“आवडली का, ताई?”

“त्यातली आई मुलीच्या वह्या जाळते. आपल्या आईने कधी जाळल्या तुझ्या वह्या?”

“ती आपली आई नाहीये. कादंबरी आहे ती.”

“गालावरचा तीळ, शिलाई मशीन, रागावली की पाठ फिरवून बसणं, सगळं तिचंच घेतलंस. जाळणं तेवढं तुझ्या पदरचं.”

“बारा वर्षांत तिने माझं एक पान वाचलं नाही, ताई. तेही जाळणंच की.”

“तिला बारीक अक्षर दिसतच नव्हतं. कामावरून काढतील म्हणून कुणाला बोलली नाही. अंदाजाने शिवायची.”

“मला का नाही सांगितलंस?”

“मलाही गेल्या महिन्यातच कळलं. ऑपरेशनला हो म्हणाली तेव्हा.”

“इतकी वर्षं लपवलं, मग आता कशी तयार झाली?”

“तुझी कादंबरी स्वतः वाचायचीय तिला. उशाशी घेऊन झोपते.”

“ताई, घरी गेल्यावर ती प्रत काढून घे ना.”

“आणि काय सांगू तिला?”

तेवढ्यात नर्सने दार उघडलं.

“आजींना छान दिसतंय आता. लिहिणारी मुलगी कोण? तिला आधी पाठवा म्हणतायत.”

“जा,” ताई म्हणाली.