कारळवाडीच्या ठेसनावरची गाडी

ऐका रे. शेकोटीजवळ सरका.

आपली कारळवाडी हद्दीवरची. वढ्याच्या पल्याड निजामाचं राज्य, अल्याड ठेसन. रझाकारांच्या धामधुमीत पल्याडची माणसं रातोरात वढा वलांडायची, मिळंल ती गाडी धरायची. पुढं निजाम गेला, हद्द मिटली. रूळसुदिक उपटून नेले. ठेसन वसाड पडलं.

तर एका राती सटवाजी धनगर निघाला. पल्याड थोरला भाऊ अंथरुणाला खिळलेला, सांगावा आलेला. बायको हौसा म्हणाली, "ठेसनावरनं जाऊ नगा." पर जवळची वाट ती! गेला.

ठेसनाजवळ आला आन् घंटा वाजली. टण्ण! घंटा कुठली? ती कवाच चोरीला गेलेली! पाय उचलला, तर फलाटावर कंदील हलला. पळाया लागला, तर पायाखाली रूळ! लखलखीत. मागनं शिट्टी. गाडी आली, बाबांनो! डबे माणसांनी खचाखच, पर आवाज न्हाई. समदी त्याच्याकडंच बघत्यात.

आन् एका बाईनं त्याचं मनगट धरलं. हिरीच्या पाण्यावानी गार हात.

"दादा, ह्याच गाडीत पोरं बसवली मी. म्हातारीला आणाया माघारी गेले. कुठं उतरली वो माझी पोरं?"

"सोड, बाई!"

"हौशी न् बाळू. हौशीच्या हनुवटीवर गोंदलंय."

गाडी अंगावर आली. ती सोडंना!

हौसाच्या हनुवटीवर तसंच गोंदण, न् तिच्या भावाचं नाव बाळू! ही तर आपली सासू! हौसाला मामानं वाढवलेलं. आई कुठं गेली, कशी गेली, कुणालाच ठाव न्हवतं.

"आये," तो वरडला, "पोरं पोचली! बाळू मास्तर झाला. हौसा माझ्या घरात हाय, चार लेकरांची आई!"

"पोचली?"

"पोचली, गं!"

हात सुटला. सटवाजी कोलमडत वढ्यात पडला. वर बघतो, तर गाडी न्हाई, कंदील न्हाई, ती न्हाई.

सटवाजीचा थोरला भाऊ दुखण्यातनं उठला पुढं, ते असू द्या. हौसाला कळलं तशी ती त्याच सांजेला ठेसनावर जाऊन बसली. रातभर "आये, आये" करून हाका मारल्या. कुणी आलं न्हाई. सकाळी सटवाजी न्यायला गेला, तर एवढंच म्हणाली, "आदी मला बोलवायचं व्हतं वो. मग तिला सांगायचं."



म्हणून सांगतो, त्या वाटंनं जाऊ नका. ती माउली सुटली. पर डब्यातली बाकीची तिथंच हायेत. ती बी इचारतील आपापल्या माणसांचं. आन् त्यांची खबर सांगाया आपल्यापाशी काय हाय?