आधी दोष, मग तर्क

टॅलिथा : नऊ. तीन पाठ्यपुस्तकं, तीन चाचण्यांच्या वह्या, तीन उत्तरपुस्तिका. आणि तर्कशास्त्र कधीही न शिकलेली आई, एक.

जोलीन : झालं मोजून? आता जरा सरक, कणसं सोलायचीत. हातानं काम कर आणि तोंडानं बोल. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या आपल्या सगळ्या घरांची पुस्तकं मिसेस डे हान सोमवारी मागवणार. त्याआधी मला क्रम लावून द्यायचाय, सातवीला कुठलं, आठवीला कुठलं, नववीला कुठलं.

टॅलिथा : आणि दर गुरुवारी चर्चच्या तळघरात पाच मुलांना ते शिकवायचं मी.

जोलीन : चार मुलं आणि तुझी बहीण. परकं कोण आहे त्यात? गुरुवारी दुपारी सुट्टी मिळते असं तूच म्हणालीस.

टॅलिथा : मिळते. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत शंभर दाणे ओल्या कागदात ठेवायचे आणि सातव्या दिवशी किती उगवले ते मोजायचं, एवढंच काम असतं माझं. एक दुपार मी नसले तरी दाणे उगवतात.

जोलीन : मग झालं तर. क्रम मी ठरवलाय. सातवीला तर्कदोष, आठवीला तर्क भाग एक, नववीला भाग दोन. तुझ्या वेळी होता तोच.

टॅलिथा : म्हणूनच तो नको.

जोलीन : हिला नेहमीचा नन्नाचा पाढा. अगं, या वयात पोरं वाद घालतातच. निदान समोरच्याचं कुठं चुकतंय त्याला नाव तरी देता यावं.

टॅलिथा : नावं! बारा वर्षांची असताना मला अडतीस दोषांची नावं पाठ होती. आजी म्हणाली, रुबार्बचे देठ आंबटढाण, त्याच्या पायला एवढी साखर लागतेच, सगळेच घालतात. मी म्हटलं, आजी, सगळे करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही, हा दोष क्रमांक नऊ.

जोलीन : आणि ती म्हणाली, मग तू बिनसाखरेची खा. खाल्लीस की! डोळ्यांत पाणी आलं तरी पूर्ण तुकडा संपवलास.

टॅलिथा : तत्त्वाचा प्रश्न होता. पण बाबांचं काय? बाबा म्हणाले, शेजारच्या व्हॅन झीनी पेरणीचं यंत्र बदललं आणि त्यांचं पीक बसलं. मी म्हटलं, आधी घडलं म्हणून तेच कारण होत नाही. दोष क्रमांक सोळा. तिसऱ्या आठवड्यात बाबा जेवताना बोलेनासे झाले.

जोलीन : ते आधीही कमीच बोलायचे.

टॅलिथा : आधी कमी बोलायचे. नंतर नुसतं ‘मीठ दे’. मिठात कुणाला दोष काढता येत नाही.

जोलीन : मग तुझं काय म्हणणं? शिकवूच नये?

टॅलिथा : शिकवावं, पण क्रम उलटा. भिंत कशी बांधतात ते दाखवायच्या आधी तू माझ्या हातात घण दिलास. आधी भाग एक. विधान म्हणजे काय, दोन विधानांमधून तिसरं कसं निघतं, ते वर्षभर. मग भाग दोन. दोष अगदी शेवटी, नववीत, म्हणजे पोरं आधी स्वतःचे शोधतील.

जोलीन : भाग एक बाराव्या वर्षी झेपत नाही गं. म्हणून तर तिर्झाला आज पडवीत बसवलंय, सातव्या धड्यानंतरची चाचणी घेऊन. बघच तू, निम्मे प्रश्न चुकतील. तू काय कमी हुशार होतीस? आठवीत असूनसुद्धा तू सातव्या धड्यात अकरा आठवडे अडलीस.

टॅलिथा : मी अडले?

जोलीन : मग कोण, मी?

टॅलिथा : उत्तरपुस्तिका उघड. पान चौऱ्याण्णव.

जोलीन : हाताला कणसाच्या मिशा चिकटल्यात.

टॅलिथा : राहू दे, मी उघडते. हे बघ. प्रश्न एकवीस ते चोवीस. छापलंय काय? खरं, खरं, खरं, खरं. त्यावर लाल पेनानं काट मारून तू लिहिलंयस, खोटं. चारही ठिकाणी.

जोलीन : मला वाटलं छापणाऱ्याची चूक आहे.

टॅलिथा : सलग चार?

जोलीन : चुका सलगही होतात. पहिला भाग खोटा आणि म्हणे अख्खं वाक्य खरं! खोट्याच्या पोटी खरं जन्माला येत नाही, हे मी तुम्हाला याच टेबलावर शिकवलंय.

टॅलिथा : पण ते वाक्य ‘जर’नं सुरू होतं, आई. जर शनिवारी बर्फ पडलं, तर बाबा चर्चचं आवार साफ करतील. शनिवारी बर्फ पडलंच नाही. बाबा घरी झोपून राहिले. त्यांनी शब्द मोडला का?

जोलीन : नाही मोडला. पण पाळलाही नाही.

टॅलिथा : मोडला नाही ना? मोडला नाही तोवर तो खरा धरायचा, एवढाच नियम आहे. मी तेव्हाही हेच बर्फाचं उदाहरण दिलं होतं. अगदी हेच. तू म्हणालीस, उलट उत्तर द्यायचं नाही, धडा पुन्हा पहिल्यापासून.

जोलीन : तुझा सूर उर्मट होता.

टॅलिथा : असेल. उत्तर बरोबर होतं. दर शुक्रवारी मी ‘खरं’ लिहायचे, तू फुली मारायचीस, सोमवारी पुन्हा पहिल्या पानापासून. बाराव्या शुक्रवारी मी ‘खोटं’ लिहिलं. तू मला मिठी मारलीस. केक केलास.

जोलीन : लिंबाचा.

टॅलिथा : लिंबाचा. चांगला झाला होता.

जोलीन : मग एवढं मनात ठेवण्यासारखं काय झालं? एका धड्यातल्या चार ओळी. पुढं कॉलेजात नीट शिकलीच असशील.

टॅलिथा : कॉलेजात दुसऱ्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर जर-तरचा तक्ता मांडला. साठ मुलांमध्ये मी हात वर केला. म्हटलं, सर, तुमच्या शेवटच्या दोन ओळी चुकल्यात. त्यांनी विचारलं, कुठं शिकलीस? मी म्हटलं, घरी. वर्ग हसला.

जोलीन : हसणाऱ्यांचे दात दिसतात. त्यानं कुणी तुझ्यासारखं गणित सोडत नाही.

टॅलिथा : हसण्यामुळं नाहीच सोडलं. मी खोलीवर येऊन कागदावर मांडून बघितलं, आणि मला आठवलं की हे मला येत होतं. तेराव्या वर्षी येत होतं. तुझ्या समाधानासाठी मी ‘खोटं’ लिहिलं, इथवर ठीक. पण नंतर मी ते मानायला लागले. पाच वर्षं मानलं. त्यानंतर कुठल्याही पेपरात उत्तर लिहायचे, तीनदा तपासायचे, खोडायचे आणि कोरा कागद देऊन यायचे.

जोलीन : म्हणजे सगळं खापर माझ्या डोक्यावर.

टॅलिथा : सगळं नाही. चार ओळींचं.

जोलीन : मला कुणी शिकवलं, टॅली? बारावी झाले आणि सरळ धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर कामाला उभी राहिले. मग तुम्ही दोघी. भूमिती, लॅटिन, हे तुझं तर्कशास्त्र, सगळं मी तुझ्याबरोबर शिकले. कधी तुझ्या एक धडा पुढं असायचे, कधी एक पान. गावातल्या शाळेत तीस पोरांच्या गर्दीत त्या बाईंना तुझा चेहरासुद्धा लक्षात राहिला नसता.

टॅलिथा : नसता राहिला. पण उत्तरपुस्तिका छापणाऱ्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, असंही त्या बाईंना वाटलं नसतं.

जोलीन : हे असं बोलतेस म्हणून तुझ्या बाबांना फक्त मीठ लागतं. काय हवंय तुला? मी माफी मागू?

टॅलिथा : माफी नको. दोनच गोष्टी. क्रम उलटा. आणि या चार ओळींवरचं तुझं लाल अक्षर तू स्वतः खोडायचं, तिर्झासमोर. नाहीतर गुरुवारसाठी दुसरं कुणीतरी बघ.

जोलीन : तिर्झासमोर? शहाणीच आहेस. मग उद्या बायबलच्या पाठाला ती म्हणेल, आई, इथंही तुझं चुकलं असेल, जरा खोडून बघ.

टॅलिथा : म्हणू दे.

जोलीन : तुला काय जातंय म्हणायला? तू शनिवारची येतेस, कणसं खातेस, जातेस. बाकीचे सहा दिवस तिच्यासमोर मला उभं राहायचं असतं.

टॅलिथा : म्हणून तिला चुकीचं शिकवायचं?

जोलीन : तिचं तुझ्यासारखं नाही, बाई. ती उलटून बोलत नाही. दिलं ते मुकाट्यानं करते आणि हसत करते.

टॅलिथा : तेच तर मला बघवत नाही.

तिर्झा : झालं! चोवीस प्रश्न, पस्तीस मिनिटं. आता तलावावर जाऊ? डे हानच्या मुली सायकली घेऊन फाटकाशी उभ्या आहेत.

जोलीन : दाराला धरून ओरडू नकोस. पाय पूस. आण इकडं. टॅली, ती उत्तरपुस्तिका दे.

टॅलिथा : घे. तुझंच अक्षर वाच.

जोलीन : बरोबर... बरोबर... हे पण... अगं बाई! चोवीसपैकी चोवीस. न शिकवता! बघ टॅली. ठीक आहे, मी हट्टाला पेटणारी बाई नाही. हिला झेपतंय ना, मग तुझाच क्रम घेऊ. सातवीला भाग एक. देते मी तसं लिहून.

टॅलिथा : शेवटचे चार प्रश्न दाखव. खोटं, खोटं, खोटं, खोटं. तिर्झा, जर-तर तुला कुणी शिकवलं?

तिर्झा : कुणी नाही. माळ्यावर तुझी जुनी वही सापडली ना, ती वाचली. आधी तू सगळीकडं ‘खरं’ लिहिलंयस आणि आईच्या लाल फुल्या. पान उलटलं की पुन्हा ‘खरं’, पुन्हा फुल्या. किती वेळा गं! शेवटच्या पानावर ‘खोटं’ लिहिलंस आणि आईनं तारा काढला. मी म्हटलं, आपण सरळ शेवटच्या पानावरचंच लिहावं.

टॅलिथा : आणि तुला स्वतःला काय वाटतं?

तिर्झा : खरं. ते दिसतंच आहे की. आई म्हणते, पाऊस आला तर पोहायला जायचं नाही. समज पाऊस आला नाही आणि तरी आम्ही घरीच बसलो, म्हणून काय आई खोटारडी ठरते?

जोलीन : मग तसं लिहिलं का नाहीस?

तिर्झा : तपासणार तू होतीस ना.

जोलीन : टॅली तपासणार असती तर?

तिर्झा : तर चारही ‘खरं’.

जोलीन : आणि कुणीच तपासणार नसतं तर?

तिर्झा : मग सोडवली कशाला असती? केव्हाच पोहायला गेले असते.

टॅलिथा : मला बारा शुक्रवार लागले, आई. हिनं एका दुपारीत केलं.

तिर्झा : काय केलं मी? चुकलं का काही?

जोलीन : गप्प बस जरा. तो कागद दे.

तिर्झा : आत्ताच तर तपासलास.

जोलीन : दे म्हटलं ना.

(जोलीन आपल्या लाल अक्षराखालचं छापील उत्तर वाचत, पहिल्या प्रश्नापासून चाचणी पुन्हा तपासते.)

तिर्झा : आई? किती?

जोलीन : चोवीसपैकी वीस.