मनगटावरचा तीळ

नाही हो, दुखत नाही — बधिर केलंय ना, चिमटा काढला तरी कळायचं नाही. तीळ होता इथे मनगटावर. मघापर्यंत होता, आता पट्टी. तुम्ही पहिल्यांदाच आलात का? घाबरू नका, हात हलका आहे त्याचा — त्याचा म्हणजे डॉक्टरांचा. अरे-तुरे सुटतं तोंडातून, काय करणार, माझ्या वर्गात होता तो. शेवटचा बाक, खिडकीकडचा, सदा नाक गळायचं. दारावरची पाटी वाचली असती तर — नाही वाचली. दार ढकललं तर हा उठून उभाच राहिला! "बाई, तुम्ही?" एवढा मोठा डॉक्टर, आणि मी बसेपर्यंत बसला नाही. इतकं कानकोंडं झालं मला, काय सांगू.

का म्हणजे? दाखवायला काय आले होते, आणि दाखवून काय बसले! हा मनगटावरचा तर जन्मापासूनचा, गरीब बिचारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ज्याच्यासाठी आले तो — तुम्ही बाईमाणूस म्हणून सांगते — बसायच्या जागी आहे. हसू नका. म्हणजे हसलात तरी चालेल, मलाही हसूच आलं असतं, पण तो वाढतोय हो. काळाकुट्ट, कडा वेड्यावाकड्या, आणि हल्ली रक्त येतं त्यातून. कपडे मीच धुते, त्यामुळे घरात कुणाला पत्ता नाही. आमचे हे आत्ता औषधं आणायला गेलेत, त्यांनाही नाही — "एक तीळ दाखवायचाय" एवढंच म्हटलं, आणि कुठला विचारल्यावर हात पुढे केला. एवढा संसार झाला, मुलं झाली, पण असलं काही आम्ही बोलत नाही. दिवा लावून कधी — जाऊ दे.

त्याने विचारलं ना! नीट विचारलं. "बाई, आणखी कुठे आहे का? मी बाहेर थांबतो, आधी सिस्टर बघतील." आणि मी काय म्हणावं? "नाही म्हटलं ना एकदा!" — वर्गातला आवाज निघाला माझा. आणि तो, एवढा शिकलेला, "बरं बाई" म्हणून मान खाली घालून मनगटच तपासत बसला. म्हणाला, साधाच आहे, राहू दिला तरी चालेल. मीच म्हटलं, काढ. काहीतरी काढून घेऊन बाहेर यायला नको का?

कळतं हो मला. सगळं कळतं. त्याला दाखवायची लाज वाटतेच, पण आता परत आत जाऊन "मी खोटं बोलले" म्हणायची त्याहून जास्त वाटते. खोटं बोलतो म्हणून याच पोराला मी वर्गाबाहेर उभं केलंय! मरायची भीती वाटते, डोळ्याला डोळा लागत नाही, आणि तरी माझी जीभ — तुम्ही याल का माझ्याबरोबर आत? नुसत्या उभ्या राहा. तुम्हीच सांगा त्याला, मी भिंतीकडे बघेन. खरंच याल? थांबा, पर्स घेते —

अगंबाई, हे आले. औषधं घेऊन झालीसुद्धा? बघा ना तोंड कसं उजळलंय — मुलीला फोन करून सांगितलंही असणार. कालपासून घास उतरला नव्हता त्यांच्या घशाखाली... तुम्ही काही बोलू नका हं. एक अक्षर नाही.

— काही नाही हो, यांना सांगत होते, साधाच निघाला म्हणून. चला.