पट्टी अखंड आहे

दोमिंगोस : ताई, कडेनं नको. तो सज्जा बघ, नुसत्या झुडपाच्या मुळांवर तगून आहे.

इरासेमा : मग रस्त्याच्या मधून चाल. कडेनं माझे पर्यटक चालतात, निळ्या टाइल्सचे फोटो काढत. साओ पावलोत राहून पार भित्रा झालास तू.

दोमिंगोस : आणि आपल्या शेजारचं घर?

इरासेमा : पावसात बसलं. रस्त्याकडची भिंत तेवढी उरली, खिडक्यांतून आकाश दिसतं. पर्यटक तिथंच जास्त रेंगाळतात.

दोमिंगोस : आपलं घर त्यालाच टेकलेलं होतं ना? आणि तू आईला आत ठेवलीस?

इरासेमा : उचलून आणू? माझं ऐकत नाही, म्हणून तर तुला बोलावलं. इंजिनियरनं वरच्या भिंतीतल्या भेगेवर प्लास्टरची आडवी पट्टी मारून ठेवलीय. पट्टी तडकली म्हणजे भिंत सरकतेय, लगेच बाहेर पडायचं. मी येते-जाते तेव्हा बघते. अखंड आहे.

दोमिंगोस : मग हे दार का अडतंय?

इरासेमा : हल्ली घासतं. खांदा लाव.

(वरच्या मजल्यावर.)

आई : आलास? केवढा वाळलास रे. तिकडं नुसता पगारच खातोस की काय? बस, अंबाडीचा भात टाकलाय.

दोमिंगोस : बसतो. आधी ती पट्टी बघू दे... ताई, ही ओली आहे.

आई : बोट लावू नकोस, आत्ताच लिंपलीय.

इरासेमा : काय लिंपलंस, आई?

आई : तीच की. त्या इंजिनियरचं काम कच्चं, सारखी चिरते. तू येणार म्हटलं की मी बुजवून ठेवते. फुटकी दिसली की लगेच सामान बांधायला लावशील.

इरासेमा : प्रत्येक वेळी?

आई : आधी महिन्यातून कधीतरी. आता सकाळी लिंपावी तर दुपारी पुन्हा केसाएवढी रेघ.

दोमिंगोस : ताई, इकडे बघ. भेग माझ्यासमोर उघडतेय.

इरासेमा : आई, गॅस बंद कर. चपला राहू देत.

आई : भात अर्धा कच्चा आहे.

दोमिंगोस : आई, चल. तू पुढं हो, मी मागून धरतो.

आई : तिघं एकदम नको. या जिन्याला माझं वजन ठाऊक आहे, तुझं नाही. तू आधी उतर.